बोटीत गॅसचा वास पुन्हा पुन्हा येतोय? शेगडी बदलण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते. सकाळी केबिनचं दार उघडलं की मंद वास. नळी बदलली, वास गेला. पंधरा दिवसांनी परत. मग रेग्युलेटर बदलला, महिनाभर बरं गेलं, पुन्हा तेच. शेवटी बोटीचा मालक वैतागून म्हणतो, "ही शेगडीच कटकटी आहे, दुसरी कुठली घेऊ ते सांगा." कुठली घ्यायची त्यावर येतोच, पण आधी वासाचं मूळ सापडायला हवं. नाहीतर नवी शेगडी त्याच जुन्या जोडणीवर बसते आणि वास तिच्याही वाट्याला येतो.

वास आत्ता येत असेल तर

वाचणं थांबवा. सिलिंडरचा कॉक बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा. दिवा, पंखा, पाण्याचा पंप, इंजिन यातलं काहीही चालू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका. खटका वर गेला काय, खाली आला काय, ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. "पंखा लावून गॅस बाहेर काढतो" हा मोह सगळ्यात वाईट. ठिणगी-सुरक्षित म्हणून खास बनवलेला ब्लोअर असला तरी त्याचा खटका तसा असेलच असं नाही.

बिल्जचा, म्हणजे पायाखालच्या फळ्यांखालच्या पोकळीतलं पाणी उपसणारा, हातपंप असेल तर तो मारा. तळातलं पाणी जसं उपसतो तसाच गॅसही उपसला जातो, कारण तोही तिथेच पसरलेला असतो. हातपंप नसेल तर प्लास्टिकच्या बादलीने उपसा. रिकामी बादली भरून भरून बाहेर ओतणारा माणूस वेडा दिसतो. दिसू द्या.

गॅस जातो कुठे?

घरात गळलेला गॅस दाराच्या फटीतून सरपटत बाहेर जातो. बोटीचं दार वर असतं आणि तळ बंद. पाणी आत येऊ नये म्हणून जे जे केलंय ते सगळं गॅसलाही आतच अडवतं. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन, ब्यूटेन किंवा दोघांचं मिश्रण. प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट. दोन्ही बिल्जमध्ये जाऊन बसतात. इंजिनचा स्टार्टर, बिल्जपंपाचा आपोआप लागणारा खटका आणि बऱ्याच बोटींत बॅटरीसुद्धा तिथेच आसपास असते.

किती गॅस पुरतो? हवेत प्रोपेन २ टक्क्यांच्या थोडं वर गेलं की मिश्रण पेट घेऊ शकतं, ब्यूटेन तर २ टक्क्यांच्याही थोडं आधीच. हिशेब करून बघा. बिल्जची पोकळी २ घनमीटर धरली, तर २ टक्के म्हणजे साधारण ४० लिटर गॅस. प्रोपेन असेल तर वजनात तो ८० ग्रॅमच्याही आत येतो. पाच किलोच्या सिलिंडरमध्ये असे साठहून जास्त वाटे आहेत. शिवाय गॅस सगळीकडे सारखा पसरत नाही, तळाशी थर करून बसतो. म्हणजे एखाद्या कोपऱ्यात धोक्याची पातळी त्याच्या कितीतरी आधी येते. "थोडासाच वास आहे" हे वाक्य बोटीवर चालत नाही ते यामुळे.

गळती शोधायची तीन मिनिटांची चाचणी

सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये दाबमापक हवा. नसेल तर शेगडीवर पैसे घालवण्याआधी तो बसवून घ्या, या संपूर्ण लेखातली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाची वस्तू. शेगडीचे सगळे कॉक बंद ठेवा. सिलिंडरचा कॉक उघडा. मधे विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व असेल तर तोही उघडा, नाहीतर त्याच्या पुढची नळी तपासलीच जात नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि "सगळं ठीक" असा निर्वाळाही देऊन बसलोय. आता काटा बघून घ्या आणि सिलिंडरचा कॉक बंद करा. तीन मिनिटं काटा जागचा हलता कामा नये. केसभर उतरला तरी गळती आहे.

हा काटा सिलिंडरमध्ये किती गॅस उरलाय ते सांगत नाही. द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत दाब जवळपास तोच राहतो, तो तापमानाप्रमाणे बदलतो. म्हणून चाचणीही ऊन-सावली बदलत असताना तासभर रेंगाळत करू नका, काटा उगाच फसवतो. गॅस किती उरला ते वजनावरच कळतं.

काटा उतरला की साबणाचं पाणी. प्रत्येक जोडावर ब्रशने लावा आणि बुडबुड्यांची वाट बघा. अमोनिया असलेला क्लीनर वापरू नका, पितळेच्या जोडांना त्याने तडे जातात. काडी पेटवून गळती शोधणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

काटा उतरतोय, पण बुडबुडा कुठेच नाही, असं झालं तर? बहुतेक वेळा शेगडीचाच एखादा कॉक आतून गळत असतो. बंद केला तरी बर्नरमधून बारीक धार चालूच राहते. तिथे साबण लावायला जोडच नाही, म्हणून ती सुटते. प्रत्येक बर्नरची वाट एकेक करून अडवून तपासावं लागतं, आणि ते काम गॅसच्या माणसाकडून करून घ्यावं.

दुरुस्त केलेला वास परत का येतो?

याची चार-पाच कारणं मला वारंवार सापडली आहेत.

पहिलं आणि सगळ्यात फसवं कारण म्हणजे झुलती शेगडी. शिडाच्या बोटीत शेगडी दोन खुंट्यांवर टांगलेली असते, बोट कलली तरी भांडं सरळ राहावं म्हणून. तिच्या मागची लवचीक नळी प्रत्येक हेलकाव्याला वळते, कुठेतरी फळीच्या कडेला घासते. धक्क्याला बांधलेल्या बोटीत शेगडी सरळ असताना चाचणी केली की नळीवरची चीर मिटलेली असते, काटा हलत नाही. समुद्रात बोट कलली की चीर उघडते. एका बोटीवर तीन नळ्या बदलून झाल्या होत्या. प्रत्येक नवी नळी त्याच कडेवर घासून त्याच जागी फाटत होती आणि ती कड बघायला कोणी शेगडी पुढे ओढलीच नव्हती. तेव्हा चाचणी दोनदा करा. एकदा शेगडी सरळ असताना आणि एकदा हाताने दोन्ही बाजूंना पूर्ण झुलवून धरून. मग शेगडी बाहेर काढून नळी पूर्ण लांबीभर हात फिरवून तपासा.

दुसरं, सिलिंडरचा खण. तो केबिनपासून हवाबंद, वरून उघडणारा आणि तळाला थेट बोटीबाहेर निघणारी निचरानळी असलेला हवा. निचऱ्याचं तोंड पाणरेषेच्या वर हवं आणि नळी वाटेत कुठे खाली झोळ पडून पाणी साठेल अशी नको. हा नियम लहान बोटींच्या एलपीजी जोडणीसाठी असलेल्या आयएसओ १०२३९ या मानकाचा गाभाच आहे. पण प्रत्यक्षात त्या खणात दोर, बादल्या, चिंध्या कोंबलेल्या असतात आणि निचऱ्याच्या तोंडावर चिंधीच बसलेली असते. मग रेग्युलेटरच्या जोडातून येणारी बारीक गळती, जी निमूटपणे बाहेर पडायला हवी, ती खण भरून केबिनमध्ये उतरते. वर्षातून दोनदा खणात तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेर पडतंय का बघा.

तिसरं, ज्योत विझणं. वाऱ्याच्या झोताने किंवा उतू गेलेल्या पाण्याने ज्योत विझली आणि कॉक उघडाच राहिला, तर गळती कुठल्याच जोडात नसते. प्रत्येक बर्नरला थर्मोकपलवर, म्हणजे ज्योतीची उष्णता ओळखणाऱ्या काडीवर, चालणारा सुरक्षा-व्हॉल्व हवा, ज्योत गेली की गॅस आपोआप तोडणारा. तो चालतो का ते घरबसल्या कळतं. ज्योत फुंकून विझवा, कॉक उघडाच ठेवून कान द्या. मिनिटभराच्या आसपास आतून "टक" असा आवाज येऊन सूं-सूं थांबली पाहिजे. थांबली नाही तर कॉक लगेच बंद करा आणि हवा खेळती होईपर्यंत काही पेटवू नका.

चौथं, वास गॅसचा नसतोच. जास्त चार्ज होणारी बॅटरी सडक्या अंड्यासारखा वास मारते, संडासाची जुनी रबरी नळीही. गॅसला मुद्दाम घातलेला वास याच कुळातला, त्यामुळे नाक गोंधळतं. शिवाय वासाचं रसायन प्रोपेनपेक्षा सावकाश उडतं, म्हणून सिलिंडर संपत आला की उरलेल्या गॅसला नेहमीपेक्षा उग्र वास येतो. वास फक्त सिलिंडर संपतानाच जाणवत असेल, तर गळती बारीक आहे आणि रोज आहे, एवढाच त्याचा अर्थ. नाक सरावतं हेही विसरू नका. रात्रभर केबिनमध्ये झोपलेल्याला जो वास येत नाही तो बाहेरून आलेल्याला येतो.

अलार्म उगाच वाजतो म्हणून तोडून टाकलेले तर किती सांगावेत. गॅसचा सेन्सर खाली हवा, पण बिल्जचं पाणी पोचेल इतका खाली नको. नवं फायबरचं काम, रंग, स्पिरिट, बॅटरीतून निघणारा हायड्रोजन यानेही तो वाजतो. सेन्सरला ठरावीक आयुष्य असतं. वाजण्याआधी त्याच्यावरची तारीख वाचा.

मग शेगडी बदलायची कधी?

वरचं सगळं करून काटा स्थिर झाला, तर गॅस सोडायचं कारण नाही. गॅस आच चांगली देतो, लगेच पेटतो, काजळी धरत नाही. पण लहान बोटीत नियमाप्रमाणे खण करायला जागाच नसते. सिलिंडर बाकाखाली, पायऱ्यांखाली, शेगडीच्या शेजारी ठेवलेला असतो. तिथे कितीही नळ्या बदला, प्रश्न सुटणार नाही. अशा बोटीला माझं उत्तर सरळ असतं, गॅस काढा. इंधन निवडताना आच किती मिळते हे मी दुसऱ्या क्रमांकावर विचारतो. पहिला प्रश्न असा की हे इंधन सांडलं किंवा सुटलं, तर ते जातं कुठे आणि तिथे काय करतं?

स्पिरिट, म्हणजे इथेनॉल. बिनदाबाची स्पिरिटची शेगडी लहान बोटीसाठी मला सगळ्यात पटते. डब्यात शोषक बोळा भरलेला असतो, स्पिरिट त्यात मुरतं, शेगडी आडवी झाली तरी ओघळत नाही. दाब नाही, नळी नाही, गळायला जोड नाही. तोटा म्हणजे आच मंद. एक लिटर रॉकेल जेवढी उष्णता देतं तेवढ्यासाठी दीड लिटरहून जास्त स्पिरिट लागतं, त्यामुळे लांबच्या प्रवासात साठा जड होतो. पण "स्पिरिट सुरक्षित" असं बिनधास्त समजू नका. ते १५ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागतं, रॉकेलला ३८ अंशांहून जास्त लागतात. दिवसाच्या उजेडात त्याची ज्योत जवळपास दिसत नाही. विझली समजून गरम डब्यात स्पिरिट ओतणं, हा या शेगडीचा हमखास अपघात. डबा बाहेर काढा, हाताला पूर्ण गार लागू द्या, केबिनबाहेर भरा. पेटलेल्या स्पिरिटवर चूळभर पाणी मारलं तर ते विझत नाही, पेटतंच पसरतं. पाणी भरपूर हवं, नाहीतर आगरोधक ब्लँकेट टाकावं. हवा भरून चालणारी जुनी दाबाची स्पिरिट-शेगडी मिळत असेल तर फुकटही घेऊ नका.

रॉकेल. दाबाचा रॉकेल-स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ साली फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने बनवला, आणि जिथे गॅस मिळत नाही तिथे त्या घडणीचे स्टोव्ह अजून बोटींवर चालतात. रॉकेल सांडलं तर पुसून टाकता येतं, साध्या हवेला ते सहज पेटत नाही, बिल्जमध्ये गेलं तर घाण करतं पण सहसा स्फोट नाही. नेहमीची तक्रार असते भडका. स्टोव्ह पेटवला की पिवळी, हातभर उंच ज्वाळा आणि केबिनचं छत काळं. यात स्टोव्हचा दोष क्वचितच असतो, घाई असते. बर्नर पुरेसा तापला नाही तर आत रॉकेलची वाफ होत नाही, द्रवच निपलमधून उडतं आणि भडकतं. खालच्या वाटीतलं स्पिरिट जळून संपत आलं की मगच पंप मारायचा, त्याआधी नाही. भडका झालाच तर पंप मारत बसू नका, हवा सोडा आणि पहिल्यापासून सुरू करा. वाटी मात्र काठोकाठ भरू नये, बोट हलली की पेटतं स्पिरिट टाकीवर ओघळतं. ज्योत एका बाजूला झुकत असेल तर निपलला पिन मारा. ज्योत फडफडत, तडतडत असेल तर रॉकेलमध्ये पाणी गेलंय, गाळून घ्या. पंप मारूनही दाब टिकत नसेल तर आतलं चामडी वायसर सुकलंय. दोन थेंब तेल, बस्स.

डिझेलची शेगडी मोठ्या आणि थंड पाण्यातल्या बोटींना छान. इंजिनच्याच टाकीतून चालते, धूर धुराड्यातून बाहेर जातो, केबिनही उबदार राहते. पण तापायला वेळ घेते, आणि वारा धुराड्यात उलटा शिरला तर सगळा धूर आत. उष्ण हवेत तिच्याजवळ कोणी उभं राहत नाही.

वीज. इंडक्शनला ज्योत नाही, गळती नाही, ओल नाही. लोकांची गाडी अडते ती हिशेबावर. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला ८७ वॉट-तास लागतात. शेगडी आणि इन्व्हर्टरमधली घट धरून बॅटरीतून ११५ तरी जातात, म्हणजे १२ व्होल्टला साडेनऊ अँपिअर-तास. हे झेपतं. अडचण प्रवाहाची. १८०० वॉटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून दीडशे अँपिअरहून जास्त ओढते. बारीक वायर, सैल टोक, बॅटरीपासून लांब फ्यूज यातलं काहीही असलं, तर तुम्ही गॅसची आग काढून वायरिंगची आग आणली. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, जाड तांब्याची केबल आणि बॅटरीच्या लगत फ्यूज जमत असेल तरच या वाटेला जा. २४ किंवा ४८ व्होल्टची व्यवस्था असेल तर काम बरंच सोपं होतं.

पेट्रोलची शेगडी बोटीत नको, कारण उणे ४० अंशांनाही पेट्रोलची वाफ पेट घेते. कोळशाची शेगडी केबिनमध्ये कधीच नको. नळकांडीवर बसणाऱ्या छोट्या गॅस-शेगड्या "एवढ्याशा डब्याने काय होणार" म्हणून आणल्या जातात. वरचा ८० ग्रॅमचा हिशेब आठवा. खाऱ्या हवेत त्या पत्र्याला गंज चढतो, अर्धवट वापरलेला व्हॉल्व झिरपतो. डबे ठेवायचेच असतील तर सिलिंडरसारखेच, निचरा असलेल्या खणात. आणि रुंद भांडं ठेवू नका, त्याची आच परतून डब्यावरच येते.

डोकं दुखतंय, मळमळतंय

ही तक्रार लोक शेगडीशी जोडतच नाहीत, बोट लागली समजतात. कुठलीही ज्योत बंद केबिनमध्ये प्राणवायू खाते. एक किलो प्रोपेन जळायला १२ घनमीटर हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड बनतो. त्याला वास नाही आणि तो हवेइतकाच हलका-जड, म्हणून तळाशी बसत नाही, सगळीकडे मिसळतो. वर डेकवर गेलं की बरं वाटतं, पण बोट लागलेल्यालाही तसंच वाटतं. म्हणून खूण वेगळी बघा. पाणी शांत असताना, नांगरावर, दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी झाली तर ती लाटांमुळे नाही. शेगडी बंद करा, सगळ्यांना बाहेर आणा, आणि कोणाला ग्लानी असेल तर लगेच वैद्यकीय मदत मागा. केबिन उबदार करायला शेगडी पेटती ठेवून झोपणं म्हणजे हा प्रसंग स्वतःहून बोलावणं. गॅसचा अलार्म खाली बसवतात म्हणून मोनॉक्साइडचाही तिथेच लावलेला मी बऱ्याचदा पाहिलाय. हा झोपण्याच्या जागेत, उशीच्या उंचीच्या आसपास हवा, आणि बोटीसाठी चालणारा ईएन ५०२९१-२ प्रमाणाचा घ्यावा.

त्याच ज्योतीची दुसरी बाजू म्हणजे ओल. एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. केबिनच्या भिंतींना घाम येतो, गाद्या ओलसर राहतात, बुरशी धरते आणि लोक छत गळतंय का ते शोधत बसतात. वरची झडप चार बोटं उघडी ठेवली तरी फरक पडतो.

भांडं घसरतं, माणूस भाजतो

आगीपेक्षा उकळत्या पाण्याने भाजलेली माणसं मी जास्त पाहिलीत. भांड्याभोवती कठडा आणि आवळपट्ट्या, शेगडीसमोर माणूस तोल जाऊन पडू नये म्हणून आडवा दांडा, आणि भांडं अर्ध्याच्या वर न भरणं, एवढ्याने बहुतेक अपघात टळतात. झुलत्या शेगडीच्या ओव्हनचं दार उघडलं की वजन पुढे येऊन ती झुकते, म्हणून आधी खिटी लावून ती पक्की करायची. हलत्या बोटीत उघड्या पायांनी शेगडीजवळ उभं राहू नये. आग विझवायचं उपकरण शेगडीच्या वर टांगू नका, आगीतून हात घालून ते काढणार कसं? ते दाराकडे जाताना हाती लागेल असं हवं.

स्वयंपाक झाल्यावर गॅस बंद करायचा तो सिलिंडरकडून. ज्योत चालू असतानाच सिलिंडरचा कॉक फिरवा, नळीतला गॅस जळून ज्योत आपली आपण विझू द्या, मग शेगडीचा कॉक बंद करा. आणि पंधरा दिवसांनी एकदा, शेगडी झुलवून धरून, काटा परत बघा.